कोरस कोण धरणार?

जयपुरात झोटवाड्याच्या एका गल्लीत कलावती तायडे ही बाई काळजीसाठी प्रसिद्ध आहे. कुलूप लावून ती जिना उतरते, गॅस बंद केला की नाही म्हणून पुन्हा चढते, आणि बसस्टॉपवर पोचली की आता कुलूपच उघडं राहिलं असं तिला वाटायला लागतं. मुलगी मयूरी झालान्यातल्या एका ऑफिसात लागली तेव्हा गल्लीने पेढे खाल्ले. कलावतीला मात्र कुणीतरी सांगितलं होतं की त्या ऑफिसांच्या मागे जंगल आहे आणि जंगलात बिबटे आहेत. तेव्हापासून रोज संध्याकाळी मयूरीला फोन जातो.

"निघालीस का?"

"निघते, आई."

"पार्किंगमधे उजेड आहे न?"

"आई, बिबट्याला तिथे कुत्री मिळतात, मोर मिळतात. मतलब, तो माझ्यामागे का लागेल?"

कलावतीला यात हसण्यासारखं काही दिसत नाही.

तिची काळजी थांबते ती एकाच वेळी, मांडीवर ढोलकी असली की. तेव्हा शेगडीवर दूध आहे हेही तिला आठवत नाही. हा अनुभव सुखदेवने, म्हणजे तिच्या नवऱ्याने, बरेचदा घेतला आहे. तो रेल्वेच्या कॅरेज विभागात टेक्निशियन. दोघंही मुर्तिजापूरची. बदल्या होत होत जयपूरला आली आणि मयूरीची शाळा नको बुडायला म्हणून इथेच टिकली. सगळ्या बदल्यांत ढोलकी गोधडीत गुंडाळून सोबत आली. सुखदेव म्हणतो, "आमच्या घरी दोन लेकरं. एक मयूरी, एक हे."

जयपूरची हवा कोरडी. होळीनंतर कातडं ताणतं आणि ढोलकीचा सूर चढतो. दोन वर्षांपूर्वी असाच तो चढत गेला आणि एका दुपारी पुडीच, म्हणजे तोंडावरचं कातडंच, तडकली. कलावती ती घेऊन परकोट्यातल्या, म्हणजे जुन्या शहरातल्या, एका वाद्यांच्या दुकानात गेली. दुकानदार 'ढोलक, ढोलक' म्हणत होता आणि कलावती त्याला हिंदीत समजावत होती की भैया, ढोलक वेगळा आणि ही वेगळी, हिची शाई बघा, हिचा आवाज पातळ पाहिजे. पुडी बसल्यावर तिने तिथेच उभ्या उभ्या चार ठेके वाजवून पाहिले. बाजूला एक गृहस्थ हार्मोनियमचा अडकलेला सूर मोकळा करून घेत होते. ते वळले.

"तुम्ही महाराष्ट्रातल्या का हो?"

हे नंदकिशोर. बँकेत अधिकारी, मूळचे सांगलीचे, राहायला तिलक नगरात. हार्मोनियमवर नाट्यगीतं वाजवण्याचं त्यांना वेड होतं आणि परमुलखात मराठी ढोलकी ऐकून ते एवढे खूश झाले की उत्तराची वाट न बघता पुढचे चार प्रश्न विचारून मोकळे झाले. गाव कुठलं? आडनाव? तायडे म्हणजे आमच्या बँकेत एक होते, यावलचे, तुमच्यातले का? आणि हा हात कुठे तयार झाला?

"बाबांची गायन पार्टी होती," कलावती म्हणाली.

"म्हणजे भजनी मंडळ. वा. वऱ्हाडात भजनाची परंपरा मोठी."

कलावतीने मान हलवली. हो अशीही नाही आणि नाही अशीही नाही. दुकानदार पैसे मागत होता, बस पकडायची होती, आणि परक्या माणसाला भर बाजारात काय काय सांगत बसायचं. एवढंच झालं.

पण त्या गृहस्थांनी पत्ता दिला, फोन नंबर घेतला आणि रविवारी बैठकीला या म्हणून तीनतीनदा बजावलं. सुखदेवने चौकशी केली, "कोन लोकं हायेत?" मयूरीने स्कूटीवरून आणून सोडलं, आणि कलावती तिलक नगरातल्या त्या बैठकीची झाली.

बैठक म्हणजे काय, तर नंदकिशोरांच्या हॉलमधलं टीपॉय भिंतीला लावायचं आणि सतरंजी टाकायची. नंदकिशोर हार्मोनियमवर. त्यांचा मुलगा अर्णव गिटारवर. तो घरी बसून कुठल्यातरी परदेशी कंपनीचं काम करतो आणि त्याला अमेरिकेतल्या काळ्या मजुरांची जुनी दुःखाची गाणी आवडतात. द्वारकाजी हे जयपूरचेच, वीज खात्यातून निवृत्त झालेले, इथे बसून बसून मराठी शिकलेले. मँडोलिन वाजवतात आणि कधी मूड लागला तर राजस्थानी मांड गातात. नंदकिशोरांची बायको रत्नप्रभा भावगीतं म्हणते, पण ती बहुतेक वेळ स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून. "माझं काय, मी येता जाता," असं तिचं म्हणणं.

बैठकीची एक रीत होती. दर रविवारी एकाची पाळी. ज्याची पाळी त्याने आपण लहानपणापासून काय ऐकलं, कुठे वाजवलं ते सांगायचं आणि वाजवायचं. बाकीच्यांनी मागे यायचं. 'आमच्याकडे असं नसतं' हे वाक्य म्हणायला बंदी होती. जो म्हणेल त्याने पुढच्या वेळी कांद्याच्या कचोऱ्या आणायच्या. नंदकिशोर दर महिन्याला कचोऱ्या आणत.

कलावतीला हे फार आवडलं. द्वारकाजींनी तरुणपणी एका लग्नाच्या ऑर्केस्ट्रात एक हंगाम काढला होता. एकदा ऐन वरातीत घोडा बिथरला, नवरदेव घेऊन भलत्याच गल्लीत शिरला आणि बँडमास्तर ओरडला की वाजवणं थांबवू नका, तर ते तसेच वाजवत घोड्यामागे धावले. नंदकिशोरांनी सांगलीत हौशी नाटकाला साथ केली होती. पडदा अडकला म्हणून नांदी पुन्हा, पुन्हा आणि पुन्हा वाजवावी लागली, शेवटी प्रेक्षकच गायला लागले. अर्णवने एका हॉटेलात पाहुण्यांसमोर गिटार वाजवली होती. "कुणी सूपमधून डोकं वर काढलं नाही, काकू. एक बाई आली, मला वाटलं कौतुक करेल. तिने विचारलं, एसी कमी करता येईल का?"

"मग केलास का?" नंदकिशोर म्हणाले.

"केला ना. टाळी तेवढीच मिळाली."

बापलेकांचं असंच चालायचं. नंदकिशोरांची तान लांबली की अर्णव गिटार खाली ठेवून "पोचलात की फोन करा" म्हणायचा. अर्णवचं गाणं सुरू झालं की नंदकिशोर विचारायचे, "हा मनुष्य कायम आजारी का असतो?" पण त्या आजारी माणसाच्या गाण्याला मागे कसं जायचं हे कलावतीने पहिल्याच दिवशी धरलं. झुलती, जरा मागे रेंगाळणारी चाल होती. तिने दादरा लावला, दुसऱ्या बोलावर थोडं ओढून धरला, आणि अर्णव वाजवता वाजवता मोठ्याने हसला. तेव्हापासून तो तिला काकू म्हणतो आणि तिच्याशिवाय ते गाणं वाजवत नाही.

पाळी मात्र कलावती टाळत राहिली. "मी साथीची. साथीच्याला कसली पाळी?" सगळे हसत आणि पाळी पुढे सरकत जाई. तिला त्या हॉलमधल्या सतरंजीची फार सवय झाली होती. रत्नप्रभा तिच्यासाठी वेगळ्या, बिनसाखरेच्या चहाचा कप ठेवायची. एवढ्या बदल्यांत अशी जागा तिला कुठे मिळाली नव्हती.

या वर्षी होळी झाली आणि नंदकिशोरांनी एका रविवारी जाहीर केलं, "पुढची पाळी कलावतीताईंची. आता ऐकणार नाही. आणि नुसती पाळी नाही, इथल्या मराठी मंडळातल्या चारपाच लोकांनाही बोलावलंय. ताई त्यांच्या वडिलांची भजनं ऐकवणार. वऱ्हाडी भजन जयपुरात पहिल्यांदाच."

त्यांचा चेहरा असा उजळला होता की कलावतीला 'नाही' म्हणता आलं नाही.

घरी आली तेव्हा किल्ली बाहेर कुलपातच राहिली, हे तिला कळलं नाही. उत्तमराव, तिचे वडील, मुर्तिजापूरला रेल्वेत खलाशी होते. रात्री पेटी घेऊन गावोगाव जायचे, आणि गायचे ती भीमगीतं. जयंतीला, अशोक विजयादशमीला, बारशाला, कुणी गेलं तर पुण्यानुमोदनाला. कलावतीचा हात त्या पार्टीत तयार झाला. हे त्या हॉलमध्ये सांगायला हरकत काय होती? हरकत नव्हती. पण आधीच्या एका गावी, रेल्वे क्वार्टरमध्ये, शेजारची बाई रोज विरजण मागायला यायची. जयंतीला घरात बाबासाहेबांच्या फोटोला हार घातलेला तिने पाहिला आणि त्यानंतर तिला कधी विरजण लागलं नाही. ती काही वाईट बोलली नाही. जिन्यात भेटली की हसायची सुद्धा. हा प्रकार कुणाला सांगायला गेलं तर सांगण्यासारखं काही उरत नाही, आणि डोक्यातून जात मात्र नाही.

सुखदेवने जेवता जेवता सगळं ऐकून घेतलं.

"मंग म्हन न दोन भजनं. तुले काय येत नाही?"

"येतेत न. रेडिओवर ऐकून ऐकून पाठ हायेत."

"मंग झालं तं. कायले जीव जाळतं?"

तिने दुसऱ्या दिवशी दुपारी बसून भजन म्हणून पाहिलं. चांगलं झालं. ठेका बसला, गळा बसला. तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा शेवटच्या ओळीला हात आपोआप चढा झाला आणि ती थांबली. ओळीच्या शेवटी असा चढा हात उत्तमराव मागायचे, कारण तिथे कोरसने उचलायचं असतं. आणि मग तिला वाटलं, रविवारी ते लोक विचारणार, हे वडिलांचं का? तेव्हा 'हो' म्हणावं लागणार. मान हलवणं वेगळं. तोंडाने बाबांची पार्टी पुसून टाकणं वेगळं.

संध्याकाळी मयूरी आली तेव्हा ढोलकी मध्येच पडली होती आणि कुकरची शिटी कुणी मोजत नव्हतं. मयूरीने गॅस बंद केला. काय झालं ते काढून घेतलं.

"मतलब, इतके दिवस त्यांना माहीतच नाही?"

"विचारलं नाही त्यांनी."

"आणि तू सांगितलं नाही."

"तुला काय जातं बोलायला. तू ऑफिसात सांगतेस का?"

"विचारलं तर सांगते. नाही विचारलं तर लंच करते." मयूरी जमिनीवर बसली. "आजोबांचं गाणं म्हण ना. ते उजेडवालं."

"तुला कुठे माहीत?"

"शादीत गायली होतीस, अकोल्याला. मला पूरं येत नाही. शिकवलंच नाहीस तू."

कलावतीने ते म्हटलं. उत्तमरावांनी स्वतः रचलेलं, साधंच गाणं होतं. 'माझ्या झोपडीच्या दारी कुणी लावला हा दिवा, भीमरायाच्या हाताचा उजेड घराघरांत हवा.' म्हणता म्हणता ती ओळीच्या टोकाला आली, हात चढला, आणि पुढे काही नाही. कुकरची वाफ तेवढी सुसकारत होती.

"थांबलीस का?"

"इथे कोरस असतो. हे एकट्याने म्हणायचं गाणंच नाही. पार्टी लागते."

"मी म्हणते ना."

"तुझं मराठी..."

"आई. तीन शब्द आहेत."

तीन शब्द बसवायला आठवडा गेला. मयूरी 'घराघरांत'मधला र कुठेतरी वळवून म्हणायची आणि 'हवा'वर लवकर पोचायची. रविवारी स्कूटीवर, पानीपेचच्या सिग्नलला, हेल्मेटच्या आतून तिने ती ओळ इतक्या मोठ्याने म्हटली की बाजूचा ई-रिक्शावाला वळून बघायला लागला. कलावती मागे ढोलकी पोटाशी धरून बसली होती. तिला गॅसही आठवला नाही आणि कुलूपही.

हॉल भरला होता. मंडळाच्या दोन बायका, एक जोडपं आणि एक पांढऱ्या सदऱ्यातले आजोबा. रत्नप्रभाने पन्हं फिरवलं. नंदकिशोरांनी कलावतीची ओळख करून द्यायला सुरुवात केली तशी ती म्हणाली, "दादा, आधी मी बोलू का?"

तिने बोलायचं पाठ केलं होतं, ते सगळं गेलं. "माझ्या बाबांचं भजनी मंडळ नव्हतं. भीमगीतांची पार्टी होती. तुम्ही दुकानात म्हणालात तेव्हा मी मान हलवली, ते माझं चुकलं. भजन मला येतं, तेही म्हणेन. पण आज पाळी आहे, तर पाळीला बाबांचंच म्हणावं असं वाटतं."

नंदकिशोर हार्मोनियमच्या भात्यावर हात ठेवून तसेच बसले. त्यांचे कान लाल झाले होते.

"चूक कसली," ते म्हणाले, "मी विचारायचं सोडून सांगतच सुटलो. मी तर सगळ्यांना 'भक्तिसंध्या' म्हणून मेसेज पाठवलाय."

"बाबा, कचोऱ्या," अर्णव म्हणाला.

पांढऱ्या सदऱ्यातल्या आजोबांनी पन्ह्याचा पेला संपवला, औषधं घ्यायला घरी जायचंय असं सांगितलं आणि चपला घालून गेले. दार लागल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. कलावतीला ते विरजण आठवलं. पण बाकी कुणी उठलं नव्हतं, आणि द्वारकाजी आपल्या मँडोलिनवर हाताची घडी घालून तिच्याकडे बघत होते.

"बहनजी, पहिले किस्सा," ते म्हणाले. "रीत आहे. पहिल्यांदा कुठे वाजवलंत?"

मग तिने सांगितलं. ती नववीत होती. दर्यापूरकडच्या एका गावी दोन पार्ट्यांचा मुकाबला होता, आणि ढोलकीवाला ऐन वेळी बाबांवर रुसून सासुरवाडीला जाऊन बसला. बाबांनी तिला पुढे बसवलं. वेणीला शाळेची लाल रिबीन तशीच. समोरच्या पार्टीच्या गायकाने गाण्यातच टोमणा मारला की उत्तमरावाची पार्टी खचली, पोरीला ढोलकी दिली, आता घरी चूल कोण फुंकणार? बाबांनी तिथल्या तिथे उलट कडवं जोडलं की चूल शाहीर तूच फुंक, तुझा श्वास मोठा आहे, गाण्यात तर तो कुठे लागला नाही. "लोक इतके हसले की मला ठेका ऐकू येईना. मी रडत रडत वाजवलं. पण सोडला नाही."

द्वारकाजी मांडीवर थाप मारून हसत राहिले. "हा तर घोड्याचाही बाप निघाला."

"काकू, पट्टी?" अर्णवने विचारलं.

"काळी चार."

"म्हणजे जी शार्प. देवा." त्याने गिटारच्या मानेवर चिमटा सरकवला. "आणि टाळी कुठे?"

"टाळी मागून. मयूरीकडे बघ."

मयूरीने बघण्यासारखं काही करायच्या आत कलावतीने सुरुवात केली. पहिली ओळ ती जरा दबकतच म्हणाली. नंदकिशोर सवयीने पुढे धावले, दोन हरकती घेऊन बसले. ढोलकीवरचा हात न सोडता तिने त्यांच्याकडे पाहून नुसती मान हलवली, आणि या वेळी तिचा अर्थ त्यांना नीट कळला. ते थांबले. ओळीचं टोक आलं. हात चढला. मयूरी एकटीच म्हणाली, "उजेड घराघरांत हवा," आणि 'हवा'वर पुन्हा लवकर पोचली.

आवाज बारीक होता. पुढच्या कडव्याला तोच बारीक आवाज आला आणि तिसऱ्याला त्यात आणखी एक मिसळला. स्वयंपाकघराच्या दारातून रत्नप्रभा म्हणत होती, पन्ह्याची पळी हातात, डोळे अर्धे मिटून, भावगीताच्या नाजूक वळणाने.

कलावतीने ठेका चालू ठेवूनच म्हटलं, "वहिनी, इतकं गोड नको. लांबच्या माणसाला हाक मारतात तसं. गाव झोपलंय, त्याला उठवायचंय."

"अगं बाई," रत्नप्रभा म्हणाली, आणि पळी फ्रिजवर ठेवून सतरंजीवर येऊन बसली. एवढ्या वर्षांत सतरंजीवर ती पहिल्यांदाच बसत होती, हे नंदकिशोरांच्या तोंडावरून कळलं.

मग कोरस झाला. द्वारकाजींच्या तोंडी मराठी शब्द बसत नव्हते, ते 'घराघरांत'च्या जागी 'घर घर में' घालत होते आणि ते बरोबर बसत होतं. मंडळातल्या जोडप्यातली बाई टाळी धरून होती. तिची टाळी पक्की होती, अशी टाळी ती कुठे शिकली हे कुणी विचारलं नाही. अर्णवने आपला तो आजारी माणसाचा हात लावला, झुलता, खालच्या तारांवरून. शेवटच्या कडव्याला कलावतीने लय सोडली, वर नेली, आणखी वर, जशी बाबा पहाटे गाव उठायच्या वेळेला न्यायचे, आणि सगळी पार्टी धापा टाकत तिच्यामागे. एका ठिकाणी निम्मे पुढे गेले, निम्मे मागे राहिले, मँडोलिन तिसरीकडेच, आणि गाणं हसण्यात मोडलं.

"हे माझ्यामुळे झालं," रत्नप्रभा घाम पुसत म्हणाली. "मला ती शेवटची उचल समजली नाही. पुन्हा एकदा घेऊ या ना, कलावती. सावकाश सांग मला."

"आता भजन म्हणते म्हणाले होते मी."

"भजन पुढच्या रविवारी. आमच्या ह्यांची पाळी आहे, ते म्हणतील," रत्नप्रभा म्हणाली. "हे आधी नीट होऊ दे."

नंदकिशोरांनी चष्मा सारखा केला. "ताई, तुम्ही हात करा, मी तिथेच थांबेन. पण कडव्यांच्या मध्ये एक छोटी जागा मला द्या. एवढीशी."

"एवढीशीच," अर्णव म्हणाला. "काकू, बघून ठेवा हं यांची एवढीशी."

दुसऱ्यांदा गाणं मोडलं नाही.

सात वाजता सुखदेवचा फोन आला. तो ड्यूटीवर होता, मागे कुठल्यातरी गाडीची घोषणा चालू होती.

"झालं काय?"

"हाव, झालं."

"भजन म्हनलं का?"

"नाही. बाबाचं म्हनलं."

घोषणा संपली, पुन्हा सुरू झाली.

"मंग?"

"दोनदा म्हनाले लावलं."

"दोनदा काहून?"

"पहिल्यांदा कोरस चुकला त्यांचा," कलावती म्हणाली, आणि मयूरी हेल्मेट घेऊन दारात उभी असताना पुन्हा सतरंजीवर बसली, कारण रत्नप्रभाने चहा टाकला होता.